मेंदूची साखर आणि एकविसावे गुणसूत्र

श्रोतेहो, नमस्कार. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या पेशींत एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रे बहुधा दोनऐवजी तीन असतात, हे आपण ऐकून आहात. या जादा गुणसूत्राचा मेंदूतील साखरेशी, म्हणजे ग्लुकोजशी, काय संबंध आहे, याविषयी आज बोलायचे आहे. आपल्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के असतो, परंतु विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो आणि ती प्रामुख्याने ग्लुकोजमधूनच मिळवतो. हा खर्च कवटीच्या आत कोठे आणि किती होतो, हे जिवंत माणसात कसे पाहता आले, त्याची हकिकत मला फार प्रिय आहे.

१९७६ सालचा ऑगस्ट महिना होता. अमेरिकेत लाँग आयलंडवरील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तात्सुओ इदो, आल्फ्रेड वुल्फ आणि जोआना फाउलर यांच्या चमूने ग्लुकोजसारखाच एक रेणू तयार केला होता आणि त्यात किरणोत्सारी फ्लोरिन बसवला होता. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, त्यावर पहिली प्रक्रियाही करते. परंतु पुढची प्रक्रिया होऊ शकत नाही आणि रेणू तेथेच अडकून पडतो. ज्या भागात साखर अधिक खर्च होते, त्या भागातून किरणेही अधिक येतात. अडचण अशी होती की हा फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, आणि मेंदूचे चित्र घेणारे यंत्र व ते वापरणारे डॉ. अबास अलावी होते दूर फिलाडेल्फियात. बर्फाची लादी घरी पोहोचेपर्यंत विरघळावी, तसे ते औषध वाटेतच संपत जाणार होते. म्हणून ते छोट्या विमानाने नेण्यात आले, दोन निरोगी स्वयंसेवकांना टोचण्यात आले आणि फेरफार केलेल्या यंत्रावर चित्रे घेतली गेली. ती आजच्या मानाने अंधुक होती, तरी माणसाचा मेंदू साखर कोठे वापरतो, हे त्यांत दिसले. शोधांच्या इतिहासात विमान चालवणाऱ्याचे आणि औषध घेऊन धावणाऱ्याचे नाव क्वचितच येते; माझ्या मते ते संशोधकांच्या शेजारी छापले जावे. असा किरणोत्सारी फ्लोरिन तयार करणाऱ्या यंत्राला सायक्लोट्रॉन म्हणतात; आपल्याकडे मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली सुरू झाला.

याच तपासणीतून १९८३ मध्ये अमेरिकी संशोधकांना डाऊन सिंड्रोम असलेल्या तरुणांच्या मेंदूत ग्लुकोजचा वापर कमी नव्हे, तर अधिकच आढळला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत तसे दिसले नाही. मात्र संशोधक रिचर्ड हायर यांना डाऊन सिंड्रोम असलेल्या, पण स्मृतिभ्रंश नसलेल्या प्रौढांच्या मेंदूच्या काही भागांत वाढलेला वापर दिसला, आणि मेंदू अधिक श्रम करून झीज भरून काढत असावा, असा अर्थ त्यांनी सुचवला. झीज कशामुळे होते? अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात मेंदूत साठणारे अमायलॉईड ज्यापासून बनते, त्या प्रथिनाचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावरच आहे. गुणसूत्र तीन, म्हणून अमायलॉईडही जास्त. चाळिशीपर्यंत डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा साठलेल्या असतात. बार्सिलोना आणि केंब्रिज येथील अशा प्रौढांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ग्लुकोजच्या वापरातील घट तिशीच्या उत्तरार्धात दिसू लागली, तर स्मृतिभ्रंशाचे निदान साधारण पन्नाशी ओलांडल्यावर झाले. पुन्हा सांगतो: साखरेचा वापर आधी घटतो, विसरणे नंतर येते.

येथे एक विनंती. ही घट रक्तातील साखरेची नव्हे, तर थकलेल्या चेतापेशींच्या कामाची आहे. म्हणून ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून पाजल्याने ती भरून निघत नाही.

शर्टाची बटणे स्वतः लावणारा माणूस मधल्या बटणाशीच थांबू लागला, तर "तो पहिल्यापासून असाच आहे" असे म्हणून कृपया सोडून देऊ नका. थायरॉईड, ऐकू न येणे, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडणे आणि नैराश्य यांमुळेही असे होते, आणि यांवर उपचार आहेत. म्हणून ही कारणे आधी तपासावीत. डाऊन सिंड्रोम असलेल्यांची चाळिशीपासून दरवर्षी स्मृतिभ्रंशाच्या दृष्टीने तपासणी करावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. या तपासणीला जाताना, ती व्यक्ती पूर्वी काय काय स्वतः करत होती, हे घरच्यांनी लिहून न्यावे, कारण डॉक्टरांना तुलना करायची असते ती इतरांशी नव्हे, तर त्या व्यक्तीच्याच आधीच्या क्षमतेशी.