झेंडूची वाट: पुएब्लातल्या एका घरची ओफ्रेंदा

[दृश्य: पहाट. डोंगरउतारावर केशरी आणि किरमिजी पट्ट्यांचं शेत. मागे धुराचा लोट.]

मध्य मेक्सिको. पुएब्ला राज्यातलं अत्लिस्कोचं खोरं. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा चालू आहे, मृतांचा सण, म्हणजे दिया दे लोस मुएर्तोस, तोंडावर आलाय. मागे दिसतोय तो पोपोकातेपेत्ल, 5,400 मीटरच्या आसपास उंचीचा जागता ज्वालामुखी. त्याच्या तोंडून धूर निघाला म्हणून इथे कुणी हातातलं काम थांबवत नाही, आणि या आठवड्यात तर थांबायला सवडच नाही. केशरी पट्टे झेंडूचे, गडद किरमिजी पट्टे कोंबड्याच्या फुलांचे. काही दिवसांत हे सगळं शेत मोकळं होईल आणि फुलं घराघरांत पोहोचलेली असतील.

झेंडूला इथे सेंपासुचिल म्हणतात. दसऱ्याला आपण ज्याची तोरणं बांधतो तो झेंडू मूळचा याच मातीतला. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर तो आपल्या किनाऱ्याला लागला, असं मानलं जातं. इथे त्याच्याकडे फार जुनं काम आहे. वर्षातून एकदा घरी येणाऱ्या मृतांना तो वाट दाखवतो. त्याचा रंग दुरून दिसतो आणि वास अंधारातही सापडतो, असं इथली माणसं सांगतात.

[दृश्य: शेतकरी कोयत्याने झाडं कापतो. दोघी बायका भारे बांधतात. पाठीवर भारा, फक्त पाय दिसतात.]

पेरणी जूनअखेर ते जुलैत, पावसाच्या भरवशावर. पुढे दिवस लहान होऊ लागले की झाड फुलावर येतं, आणि बहर बरोबर सणाच्या तोंडावर सापडतो. या शेतातलं रोप बघा, माणसाच्या कमरेच्या वर गेलंय. हे गावरान वाण आहे. मागच्या वर्षी काही फुलं शेतातच वाळू दिली, त्यांचं बी कापडात बांधून ठेवलं आणि यंदा तेच पेरलं. बाजारात आता कुंडीतला बुटका झेंडू ढिगाने मिळतो. एकसारखा, गोल गरगरीत, देखणा. तो संकरित बियाण्याचा असतो. त्याचं बी राखून ठेवलं तर पुढच्या वर्षी तसंच फूल येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. ज्यांच्या पूर्वजांनी हे फूल माणसाळवलं, त्यांनीच त्याचं बी विकत आणावं, हे आम्हाला पटत नाही. म्हणून आमचा कॅमेरा कुंड्यांच्या बाजारात गेला नाही, या शेतातच थांबला.

[दृश्य: बंद खोली. ठोक्यांचा आवाज. मग हात, छिन्नी, हातोडा.]

आता थोडं पूर्वेकडे, पुएब्ला शहराच्या पलीकडे. गावाचं नाव सान साल्वादोर विश्कोलोत्ला. गल्लीत शिरलं की हे ठोके ऐकू येतात. इथे पापेल पिकादो तयार होतो. म्हणजे छिन्नीने कोरलेल्या रंगीत कागदाच्या पताका.

कागद पतंगाच्या कागदाइतका पातळ. पन्नासेक ताव एकावर एक नीट रचायचे. सगळ्यांत वर नक्षी काढलेला ताव ठेवायचा आणि खाली शिशाचा जाड पत्रा. शिसंच का, तर ते मऊ असतं. छिन्नी कागद भेदून खाली टेकली तरी तिची धार मरत नाही. छिन्न्या किती आहेत ते बघा. सरळ तोंडाची, अर्धचंद्राची, गोल, टोकदार, आणि प्रत्येकीची लहानमोठी भावंडं. कारागीर एक उचलतो, दोन ठोके मारतो, ती ठेवून दुसरी घेतो. कुठली कुठे ठेवली हे त्याला बघावं लागत नाही.

[दृश्य: जवळून. कवटीचे डोळे, मग दातांची ओळ, मग कडेची जाळी.]

याने सुरुवात डोळ्यांपासून केली. मग दात. मग टोपीवरची फुलं. खरी परीक्षा आहे ती सभोवतालच्या जाळीची. कोरताना प्रत्येक तुकडा कुठेतरी शेजारच्याला धरून राहायला हवा. मधली एक बारीक नस तुटली तर नक्षी गळून पडते, आणि तीही एका तावातून नाही, सगळ्या गठ्ठ्यातून. म्हणून ठोका जोरात नसतो, नेमका असतो. खालच्या तावापर्यंत पोहोचेल एवढाच. हा हात यायला वर्षं जातात. मुलं आधी ताव मोजायला शिकतात, मग रचायला, आणि छिन्नी हातात पडते ती पुष्कळ उशिरा.

गावात सांगतात की हा कागद पहिल्यांदा पाहिला तो जमीनदारांच्या मळ्यांवरच्या दुकानांत. मजुरी तिथेच घ्यायची आणि माल तिथूनच उधारीवर उचलायचा, अशी ती दुकानं. परदेशाहून आलेला रंगीत पातळ कागद तिथे मिळायचा, आणि त्या कर्जात बुडालेल्या माणसांच्या हातांनी त्याला भोकं पाडून पताका केल्या. या कागदाला स्पॅनिशमध्ये आजही चिनी कागद म्हणतात. 1998 साली पुएब्ला राज्याने या गावाच्या कलेला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.

[दृश्य: गठ्ठा उलगडतो. एकेक ताव सुटा होतो. गुलाबी, जांभळा, केशरी, हिरवा. उन्हात धरलेला ताव.]

हे बघा.

(इथे निवेदन नको. ताव सुटे होताना येणारा आवाज पुरेसा आहे.)

बाजारात प्लास्टिकच्या छापील पताकाही आहेत. स्वस्त आहेत, पावसात भिजत नाहीत, आणि त्यांच्यामुळे या खोलीतलं काम कमी होतंय.

[दृश्य: घर. भिंतीला लागून रिकामं टेबल. लाकडी खोकी. आजी उभी, नाती खाली बसलेल्या.]

आता ज्या घरासाठी हा सगळा खटाटोप, तिथे जाऊ. 30 ऑक्टोबर. खोऱ्यातलंच एक गाव. बाहेरच्या खोलीतलं सामान हलवून भिंत मोकळी केली आहे. इथे ओफ्रेंदा उभी राहणार, म्हणजे मृतांसाठी घरात मांडलेली वेदी. टेबलावर खोकी रचून पायऱ्या करतात. कुठे दोन, म्हणजे आकाश आणि पृथ्वी. कुठे तीन, कुठे सात. या घरी तीन आहेत, कारण आजींच्या सासूबाई तीन करायच्या.

वर पांढरी चादर. दोन्ही बाजूंना उसाची कांडी, वर वाकवून बांधलेली. ही कमान म्हणजे दार. या दारातूनच ते येणार. कमानीला झेंडू, मध्ये मध्ये कोंबडा. मागे विश्कोलोत्लाच्या पताका. वाऱ्याची बारीकशी झुळूक आली तरी त्या हलतात, आणि हललेली पताका पाहून कुणी आलं असं घरातली माणसं म्हणतात.

[दृश्य: एकेक वस्तू ठेवणारे हात.]

पहिल्यांदा पाणी. लांबून येणाऱ्याला आधी तहान लागलेली असते. मग मीठ, नासू नये, बाधू नये म्हणून. मेणबत्त्या, प्रत्येक मृताच्या नावाची एक, आणि शेवटी एक जास्तीची. ज्याची आठवण काढायला कुणी उरलं नाही, ती त्याच्यासाठी. खाली जमिनीवर विणलेली नवी चटई, विसावा घ्यायला. मातीच्या धुपाटण्यात निखारे आणि त्यावर कोपाल. कोपाल म्हणजे इथल्या झाडांचा डिंक. स्पॅनिश लोक येण्याआधीही देवळांत तोच जळत होता.

मधल्या पायरीवर फोटो. आजोबांचा एक, तरुणपणीचा. त्याच्यासमोर त्यांची हॅट आणि सिगारेटचं पाकीट. शेजारी पुल्केचा पेला. पुल्के म्हणजे घायपाताच्या जातीच्या झाडाच्या रसाचं फेसाळ पेय.

“पेला उजव्या हाताला ठेव गं, यांना डावीकडून घेता यायचं नाही,” आजी नातीला सांगतात. नात पेला उचलून पलीकडे ठेवते.

[दृश्य: स्वयंपाकघर. मिरच्या परततात, धूर. तीन पायांचा दगडी पाटा.]

मागे स्वयंपाकघरात कालपासून मोलेची, म्हणजे मिरच्यांच्या घट्ट रश्श्याची, तयारी आहे. वाळक्या मिरच्या तीन-चार जातींच्या, बिया काढून तळलेल्या. तीळ, बदाम, बेदाणे, लवंग, दालचिनी, भाजलेली तोर्तिया म्हणजे मक्याची भाकरी, आणि चॉकलेट. आता मिक्सर घरोघरी आहे, या घरातही आहे, तरी ओफ्रेंदेची मोले आजी पाट्यावरच वाटायला लावतात. पाटा तिरका, गुडघे टेकून बसावं लागतं. वाटणारी मोठी सून मध्येच पाठ सरळ करते आणि पुन्हा वाकते. तीन तास. मोले घट्ट, काळपट तांबडी झाली की तिच्यात शिजलेली टर्की. ताटात पहिला तुकडा कुणाचा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

वेदीवर जे मांडलंय त्यातलं बरंचसं मराठी घराला ओळखीचं आहे. राजगिऱ्याच्या कवट्या, मधात घोळवून साच्यात दाबलेल्या. पेरू. गुळाच्या पाकातला लाल भोपळा. मिरची तर आहेच. हे सगळं आपल्याकडे आलं ते अमेरिका खंडातून. उलट कमानीचा ऊस आणि पावावरचे तीळ समुद्र ओलांडून मेक्सिकोत आले. या पावाला पुएब्लात ओहाल्द्रा म्हणतात. वर आडवी हाडं, मधोमध गोळा, आणि भरपूर तीळ.

[दृश्य: 31 ऑक्टोबर, दुपार. वेदीची खालची पायरी. छोटा पेला, दूध, पांढरी फुलं, लाकडी ट्रक.]

31 ऑक्टोबर, दुपारचे बारा. देवळाची घंटा झाली की लहान मुलं येतात. ती आधी येतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, मोठी माणसं यायच्या वेळी, परत जातात. त्यांच्यासाठी तिखट काही नाही. दूध, गोड पाव, साखरेच्या छोट्या कवट्या. पेले छोटे, ताटल्या छोट्या, मेणबत्ती बारीक. फुलं पांढरी.

या घरात असं एक मूल आहे. ट्रक त्याचा आहे.

(निवेदन थांबते. आई ट्रकवरची धूळ पुसते. पूर्ण दृश्य तसंच ठेवावं, संगीत नको.)

[दृश्य: 1 नोव्हेंबर. दारापासून वेदीपर्यंत पाकळ्यांची वाट. मुली ओंजळीने पाकळ्या टाकतात.]

1 नोव्हेंबर. सकाळपासून मुली फुलं कुस्करून पाकळ्या वेगळ्या करताहेत. बोटं पिवळी झाली आहेत, हा रंग दोन दिवस जात नाही. वाट सुरू होते ती रस्त्याच्या कडेपासून, कारण आलेल्याने शेजाऱ्याच्या घरात शिरू नये. रस्ता, उंबरठा, खोली, आणि थेट वेदीपर्यंत. आजी धुपाटणं घेऊन दारात उभ्या राहतात, पुन्हा घंटा होते, आणि त्या आपल्या माणसांना नावाने हाक मारून आत बोलावतात. एकेक नाव, सावकाश. कॅमेरा त्या वेळी अंगणात होता. नावं आम्ही ध्वनिफितीतून काढून टाकली आहेत, ती त्या घरची आहेत.

सण किती जुना, याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. स्पॅनिश लोक येण्याआधी मेक्सिका, म्हणजे अ‍ॅझ्टेक, लोकांच्या वर्षात मृतांचे दोन सण होते, एक मुलांचा आणि एक मोठ्यांचा. मेलेला माणूस मिक्त्लानला, म्हणजे मृतांच्या लोकात, पोहोचायला चार वर्षं चालतो, अशी त्यांची श्रद्धा होती. 1521 मध्ये स्पॅनिशांनी हा मुलुख जिंकल्यावर चर्चचे 1 आणि 2 नोव्हेंबर, संतांचा आणि मृतांचा दिवस, आले आणि जुनं त्यांत मिसळलं. त्यातलं जुनं किती आणि चर्चचं किती, यावर अभ्यासक आजही भांडतात. वसईत आणि गोव्यात 2 नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबं आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. दिवस तोच.

[दृश्य: टीव्हीच्या पडद्यावर मिरवणूक. समोर आजी कणसं सोलतात.]

2008 मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. 2016 पासून मेक्सिकोच्या राजधानीत भव्य मिरवणूक निघते. तिची कल्पना आली ती आदल्या वर्षीच्या एका हॉलिवूडपटातल्या दृश्यावरून. त्यापूर्वी अशी मिरवणूक तिथे निघत नव्हती. गर्दी मोठी असते, पाहुणे जगभरातून येतात, हॉटेलं भरतात. मिरवणूक सुंदर आहे, पण आमच्यासाठी हा सण या खोलीत आहे. राखलेल्या बियाण्यात, शिशाच्या पत्र्यावर, पाट्याशी वाकलेल्या पाठीत. सरकारने पैसे द्यायचेच असतील तर पहिले विश्कोलोत्लातल्या शिकाऊ मुलांना द्यावेत, असं आम्ही स्पष्ट म्हणतो.

[दृश्य: 2 नोव्हेंबर, संध्याकाळ. टोपली भरली जाते. गल्ली. दारं उघडतात.]

2 नोव्हेंबर. मृतांनी वास घेऊन झाला. आता या अन्नाला चव उरत नाही, असं आजी सांगतात, आणि तरी सगळे मिटक्या मारत खातात. टोपलीत ओहाल्द्रा, फळं, भोपळा, मोलेची वाटी, वर भरतकामाचा रुमाल. पहिली टोपली मुलांच्या धर्ममातापित्यांकडे, मग चुलत घरी, मग ज्या घरात यंदाच कुणी गेलंय तिथे. टोपली कुणी रिकामी परत पाठवत नाही. एक ओहाल्द्रा काढून घेतात आणि स्वतःच्या वेदीवरची दोन ठेवतात. नातींनी गल्लीतली चार घरं केली आहेत, टोपली निघाली तेव्हापेक्षा जड झाली आहे, आणि अजून खालची आळी राहिली आहे.