दोराचं वय

नमस्कार. बाबांच्या आठवणीत ठेवलेल्या या सभेच्या निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्या नावाआधी ‘धाडसी गिर्यारोहक’ असं छापलंय. आई असती तर खो खो हसली असती. तिच्या मते बाबांइतका भित्रा माणूस अख्ख्या गिरगावात नव्हता. साठ वर्षं संसार केलेल्या बाईचं मत आहे, तेव्हा तुमच्या पत्रिकेपेक्षा मी तेच जास्त धरते. रागावू नका.

बाबांचा जन्म 1930चा. 14 एप्रिल 1944ला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोट उडाली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. चाळीतल्या फडताळांमधली भांडी खणखणत खाली आली. लोकांना वाटलं, भूकंपच. सगळे जिन्यावर धावले आणि अर्ध्या तासात दुसरा धमाका झाला, पहिल्याहून मोठा. सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि त्याच बोटीत कापसाच्या गासड्या! आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान त्या दिवशी गेले. पुढे बाबा गोदीतच टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद करणारा कारकून, म्हणून चिकटले, तेव्हा तिथल्या जुन्या माणसांकडून त्यांनी ही हकीकत इतक्यांदा ऐकली की तो त्यांचा धर्मच झाला. कापूस आणि दारूगोळा एका बोटीत भरायचा नाही. आमच्या घरात याचा अर्थ असा, की स्टोव्हचं रॉकेल आणि पोळ्यांचा डबा एका सॅकमध्ये जाणार नाही. एकदा एका उत्साही पाहुण्यानं ते केलं. बाबांनी बोरीबंदरच्या फलाटावर त्याची पूर्ण सॅक उपसायला लावली आणि कर्जतची शेवटची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. रात्र फलाटावरच काढली. पोळ्यांना वास लागला नव्हता, हे पाहुण्यानं दहादा सांगून पाहिलं.

मे 1953मध्ये तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले आणि इकडे मुंबईतली पोरं शनिवारी रात्रीच्या गाड्यांनी डोंगराकडे निघू लागली. बाबा त्यातलेच. कळसूबाई, राजमाची, हरिश्चंद्रगड. ती यादी तुम्हाला पाठ आहे, मी वाचत नाही. दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत जायचं ठरलं तेव्हा मी पाळण्यात होते. आईनं अडवलं नाही. म्हणाली, “जा, पण दळण टाकून जा.” बाबांनी हिशेबी माणसाला शोभेल असं महिनाभराचं दळण एकदम टाकलं. पंधरा दिवसांत पिठाला जाळी धरली. हे पीठ आम्ही पुढची पन्नास वर्षं ऐकत होतो. इथे एक सांगायलाच हवं. बाबांच्या प्रत्येक रविवारापाठी आईचा एक रविवार गेलेला आहे, आणि त्याचे फोटो कुणी काढलेले नाहीत.

आता दोराबद्दल, कारण खरे बाबा तिथे सापडतात. गोदीत दिवसभर दोरच बघायचे ना. सुरुवातीला मनिला दोर, भिजला की फुगायचा, गाठ सुटता सुटायची नाही, आतून कुजायचा. मग नायलॉन आला. तो चिवट, झटका बसला तर थोडा ताणून घेणारा, पण ऊन आणि माती त्याला हळूहळू खातात आणि वरून काही कळत नाही. म्हणून बाबांची एक वही होती. प्रत्येक दोर कधी आणला, किती वेळा नेला, त्यावर कोण पडलं. एकदा कुणी जोरात पडलं की तो दोर चढाईतून बाद, मग तो नवा कोरा का असेना. पैसे नसायचे, पोरं गयावया करायची. “काका, काहीच झालेलं नाही हो त्याला!” बाबा लाल शाईनं लिहायचे, ‘वाळवणीला’. आणि तो आमच्या गॅलरीत बांधला जायचा. चाळीत सगळ्यांच्या दोऱ्या सुतळीच्या, आमच्या नायलॉनच्या. पापडांची चादर, गोधड्या, काहीही टाका.

मी दहा वर्षांची असताना त्यांनी आम्हा सगळ्यांना हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर नेलं. कल्याणहून माळशेज घाटातली एसटी, खुबी फाटा, खिरेश्वर, टोलार खिंड. आई नऊवारीचा काचा मारून चढली आणि गुहेत पोचल्यावर तिनं पिठलं केलं. सकाळी कड्यावर बाबांनी सगळ्यांना पालथं झोपवून डोकावायला लावलं, माझ्या कमरेला तर दोर. बरोबरची मुलं हसत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाठीमागे ऊन वर आलं होतं, खाली दरी धुक्यानं भरलेली. आणि त्या धुक्यात एक रंगीत गोल कडं उमटलं. इंद्रवज्र. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला याच डोंगरावर ते दिसल्याचं सांगतात. त्या गोलाच्या मधोमध माझ्या डोक्याची सावली! मी ओरडले, “मी मधे आहे!” धाकटा भाऊ म्हणाला, “नाही, मी आहे!” भांडण जुंपलं. बाबांनी दोर न सोडता समजावलं. धुक्यातल्या थेंबांवरून उजेड ज्याच्या त्याच्या दिशेनं मागे वळतो, म्हणून कडं ज्याच्या त्याच्या सावलीभोवतीच दिसतं. भावाला पटलं नाही. आईनं विचारलं, “मग तुम्हाला कोण दिसतंय मधे?” बाबा म्हणाले, “मला बघायला वेळ कुठाय? मी दोर धरलाय.”

चौऱ्याण्णवाव्या वर्षी, घरी, झोपेत गेले. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

तुमच्यातल्या काही तरुणांनी आठवण म्हणून बाबांचे दोर मागितलेत. देते, ट्रंकेत चार आहेत. पण मी वही तपासून आलेय, चारही लाल शाईतले आहेत. भिंतीवर टांगा, पोरांना गाठी शिकवा, चढायला मात्र एकही न्यायचा नाही. गॅलरीतला पाचवा मी देणार नाही. सकाळी निघताना त्यावर चादरी टाकून आलेय.