एका फाशावर गेलेला जीव

"कोळी चावला. सेव्ह टाक." टेबलटॉप आरपीजी (टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र म्हणजे कॅरेक्टर घेऊन खेळायचे खेळ) खेळणाऱ्या बहुतेकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. सेव्ह म्हणजे संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा. तो पडतो, आकडा कमी येतो आणि महिनोन्महिने जपलेलं कॅरेक्टर जागच्या जागी खलास. खेळाडू ह्याला 'सेव्ह ऑर डाय' म्हणतात. माझी बाजू आधीच सांगून टाकतो: कॅरेक्टर मरायला माझी ना नाही, एका फटक्यात मरायलाही नाही. तक्रार आहे ती खेळाडूने काहीच ठरवलेलं नसताना येणाऱ्या मरणाबद्दल.

ह्या नियमाचं मूळ वॉरगेममध्ये, म्हणजे छोटे सैनिक मांडून खेळायच्या लढाईच्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा आरपीजी 1974 मध्ये आला तो त्याच मुशीतून. तिथे सैनिक पडला की उचलून बाजूला ठेवायचा, एवढंच. त्या पहिल्या आवृत्तीत सेव्हिंग थ्रोच्या (म्हणजेच सेव्हच्या) तक्त्याचा पहिला रकानाच 'डेथ रे किंवा विष' असा आहे. कॅरेक्टर बनवायचं म्हणजे तीन फासे सहा वेळा टाकायचे, नाव द्यायचं, चिलखत घ्यायचं. मेलं तर पुन्हा टाकायचे. आज खेळाडू पानंच्या पानं पूर्वकथा लिहून आणतात. मरण तेवढंच स्वस्त राहिलं, कॅरेक्टर मात्र महाग झालं.

आता थोडी आकडेमोड. समजा तुमचं कॅरेक्टर इतकं तयारीचं आहे, की वीस बाजूंच्या फाशावर 1 पडला तरच ते मरेल. धोका 5 टक्के. त्यात काय एवढं, असं वाटतं. पण असे 14 सेव्ह टाकायची वेळ आली, तर सगळ्यांतून वाचण्याची शक्यता 49 टक्क्यांच्याही खाली जाते. धोका 10 टक्के असेल तर सातव्या सेव्हलाच तीच गत. आणि गेममास्टरचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा राक्षस? तो एका लढाईपुरता येतो, एखाददुसरा सेव्ह टाकतो, मेला तर मेला. पुढच्या खोलीत दुसरा तयार असतोच. कॅम्पेनभर, म्हणजे अख्ख्या लांबलचक कथेभर फाशाला तोंड द्यायचं ते खेळाडूंनी. त्यामुळे 'नियम दोन्ही बाजूंना सारखाच' हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही.

शिवाय हिट पॉइंट (किती मार सोसता येईल त्याचा आकडा) निरर्थक ठरतात ते वेगळंच. 80 हिट पॉइंटचा लढवय्या आणि 20चा चोर, दोघांचं विषापुढे एकच. उलट बाजूनेही तेच: तिघांनी तलवारी चालवून ड्रॅगनला अर्ध्यावर आणावं आणि जादूगाराने एका मंत्रात त्याला संपवावं. मग त्या तिघांनी घाम गाळला कशाला?

आता एक उलटं उदाहरण. 'टूम ऑफ हॉरर्स' हे गायगॅक्सचं कुप्रसिद्ध साहस (खेळायला तयार कथानक), 1975 च्या ओरिजिन्स संमेलनात खेळवलं गेलं आणि 1978 मध्ये छापून आलं. त्यात भिंतीवर एक हिरवा सैतानी चेहरा आहे, तोंड वासलेला, आत मिट्ट काळोख. त्या तोंडात जो शिरेल तो कायमचा नाहीसा होतो. सेव्ह नाही, काही नाही. क्रूर आहे, पण कोळ्यापेक्षा मला हाच सापळा न्याय्य वाटतो. कारण आत शिरायचं की नाही हे खेळाडू ठरवतो. आधी लांब काठी घालून बघता येते. काठीचं टोक परत आलं नाही की कळतं. कोळ्याचा चावा म्हणजे सापशिडीतला 99 वरचा साप, तिथे तुमच्या अकलेला वावच नसतो.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पुढच्या आवृत्त्यांनी ह्यावर बराच विचार केलेला दिसतो. 2014 च्या पाचव्या आवृत्तीतली मेडुसा घ्या, नजरेने माणसाला दगड करणारी राक्षसी. तिच्या नजरेला 14 चा सेव्ह, म्हणजे वाचायला किमान 14 यायला हवेत. पाच किंवा जास्त अंकांनी हुकलात तर तिथेच दगड. थोडक्यात हुकलात तर अंग आखडायला लागतं आणि पुढच्या टर्नच्या शेवटी आणखी एक सेव्ह मिळतो. त्या मधल्या वेळात इतरांना मदतीला धावता येतं. आणि मुळात नजर चुकवायची मुभा आहेच, फक्त मग ती तुम्हाला दिसत नाही आणि वार आंधळेपणाने करावे लागतात. घ्या, आला निर्णय!

काही खेळ मरणाला वेगळ्याच पद्धतीने सामोरे जातात. 'पॅरानॉइया'त तुमचे सहा क्लोन असतात, मेलात तर पुढचा हजर. 1977 च्या 'ट्रॅव्हलर'मध्ये कॅरेक्टर बनवता बनवताच मरू शकतं, ह्यावर लोक अजून हसतात. 'ड्रेड'मध्ये फासेच नाहीत, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा आहे. तो ज्याच्या हातून कोसळेल त्याचं कॅरेक्टर गेलं. मला हा फार आवडतो, कारण मनोरा किती डगमगतोय ते सगळ्यांना दिसत असतं आणि ठोकळा ओढायला नकार देता येतो. नकार दिला तर काम फसतं, जीव वाचतो.

राहिला प्रश्न गेममास्टरने आपल्या पडद्यामागे गुपचूप फासा फिरवून कॅरेक्टर वाचवण्याचा. माझं मत विचाराल तर मरणाचा फासा सगळ्यांसमोर टाकावा, आणि टाकण्याआधी किती पडलं तर काय होईल हे बोलून दाखवावं. एकदा का गेममास्टर आपल्याला मरू देणार नाही असं खेळाडूंना कळलं, की मेडुसाकडेही ते निर्धास्त बघतात. आणि खरंच कोणी मेलं, तर त्या खेळाडूने उरलेले दोन तास करायचं काय, ह्याचं उत्तर आधीच तयार ठेवा. पार्टीतला नोकर, वाटाड्या, पुढच्या खोलीत साखळदंडाने बांधलेला कैदी, कोणीही चालेल. त्याचं शीट (कॅरेक्टरच्या माहितीचा कागद) भरून सोबत आणा आणि अर्ध्या तासाच्या आत त्या खेळाडूच्या हातात फासे द्या.