म्युनिकचं खातं, शाहूपुरीतला मेसेज

(दृश्य : कोल्हापूर, शाहूपुरी. सीएचं ऑफिस, टेबलावर फायलींचा ढीग.)

डिसेंबर उजाडला की इथं राहिलेल्या रिटर्नवाल्यांची रीघ लागते. आज समोर एक इंजिनिअर आहे. जर्मनीत नोकरी करून परत आलेला. म्युनिकचं खातं बंद करायचं राहून गेलं आणि आता मोबाइलवर इन्कम टॅक्सचा मेसेज आलाय.

"सर, हजारभर युरो पडलेत तिकडं. ह्यांना कळलं कसं?"

बँकेनंच कळवलं. ओईसीडी या प्रामुख्यानं श्रीमंत देशांच्या संघटनेनं 2014 मध्ये आखलेल्या पद्धतीनुसार बँक खातेदाराला विचारते, तुम्ही कर कुठल्या देशात भरता? ते उत्तर आणि शिल्लक बँक तिथल्या सरकारला देते, ते सरकार दरवर्षी खातेदाराच्या देशाला धाडतं. भारत 2017 पासून यात आहे. स्वित्झर्लंडकडून पहिली माहिती 2019 च्या सप्टेंबरात आली. त्याआधी एकेका संशयिताचं नाव देऊन हात पसरावे लागायचे.

(दृश्य : संगणकावर रिटर्नचा फॉर्म.)

सीए 'शेड्यूल एफए', म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, उघडतात. गोंधळ नेमका इथं होतो. आपलं आर्थिक वर्ष मार्चला संपतं, हा तक्ता मात्र जानेवारी ते डिसेंबरचा. वर्षातली सर्वांत जास्त शिल्लक रुपयांत भरायची. लपवलं तर 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाखांचा दंड. घर-जमीन सोडून 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला ऑक्टोबर 2024 पासून तो लागत नाही, तेव्हा आपला इंजिनिअर बचावला. तक्ता भरणं काही चुकत नाही.

2024 च्या नोव्हेंबरात असेच मेसेज देशभर गेले. 24,678 जणांनी रिटर्न पुन्हा तपासलं, 29,208 कोटींची परदेशी मालमत्ता जाहीर झाली. धाड न घालता!

पण ही पद्धत खाती पाहते, घरं नाही. दुबईतली शिल्लक 2018 पासून कळते. तिथं घेतलेला फ्लॅट या यादीत येत नाही. पगारदार आधी सापडतो तो असा.

गरीब देशांची अडचण वेगळीच. माहिती हवी तर द्यावीही लागते, शिवाय ती गुप्त ठेवणारी यंत्रणा लागते. आफ्रिकेतले कित्येक देश म्हणूनच अजून बाहेर आहेत. आणि आकडे आले तरी ते वाचणारे अधिकारी हवेत. त्यासाठी एका देशाचे कर-अधिकारी दुसऱ्याच्या मदतीला देणाऱ्या 'टॅक्स इन्स्पेक्टर्स विदाउट बॉर्डर्स' उपक्रमात भारतानं आपले तज्ज्ञ 2021 मध्ये भूतानला, 2023 मध्ये सेशेल्सला दिले. सेशेल्समध्ये काम होतं पर्यटन आणि वित्तसेवा कंपन्यांचे हिशेब तपासण्याचं: कमाई इथली, नफा दाखवला भलत्याच देशात, तो कसा पकडायचा.