एअरबॅगविना गाडी, मॉडेलविना अंदाज

(दृश्य: तोल्याती, रशिया. गाड्यांची जुळणी सुरू.)

जून 2022. लाडा ग्रांटा पुन्हा बनू लागली आहे. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग नाही, ब्रेकला एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी लादलेल्या निर्बंधांमुळे भाग येईनात, तेव्हा ते वगळूनच गाडी बाहेर काढली.

(दृश्य: पडद्यावर इनपुट-आउटपुट कोष्टक.)

अशा निर्बंधांचा अर्थव्यवस्थेला किती फटका बसेल, याचा अंदाज बांधायला अर्थतज्ज्ञ वासिली लिओन्टिएफ यांच्या पद्धतीचं हे कोष्टक. कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो, ते यात दिसतं. ओळीत माल पुरवणारे उद्योग, रकान्यात तो वापरणारे. प्रत्येक आकड्याला त्या रकान्याच्या एकूण उत्पादनानं भागलं की गुणांक मिळतात, म्हणजे एक रुपयाच्या उत्पादनाला कोणता माल किती लागतो ते. आयातीचं कोष्टक देशी मालापासून वेगळंच ठेवायचं, नाहीतर निर्बंध लावायचे कुठे?

आता एबीएसची आयात शून्य करा. खर्चातल्या वाट्यावरून पाहिलं तर नुकसान किरकोळ. गुणांक पक्के धरले तर एबीएस नाही म्हणजे गाडीच नाही, सगळं ठप्प. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये असतं आणि महिन्यागणिक सरकतं. म्हणून आधी गोदामातला साठा किती आठवडे पुरेल ते घाला. मग पर्याय शोधण्याची लवचीकता: सुरुवातीला शून्याजवळ, पुढे वाढती. मग तिसऱ्या देशातून वळसा घेऊन येणारा माल, वाढीव खर्चासह.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रकान्यांत. ‘मोटारी व सुटे भाग’ एकत्र कोंबले की एबीएस दिसेनासाच होतो. आणि भाग काढलेली गाडी पूर्ण गाडी म्हणून मोजली, तर घट लपते. काढलेल्या भागांची किंमत स्थिर किमतीत (महागाई वगळून) वजा करायलाच हवी.

(दृश्य: मॉस्को, मध्यवर्ती बँक.)

एकूण घट किती, ते कोष्टकाबाहेरच्या गोष्टींवरही ठरतं. 28 फेब्रुवारी 2022 ला व्याजदर 9.5 वरून 20 टक्के. निर्यातदारांना 80 टक्के परकीय चलन विकण्याची सक्ती. तेल-वायूची विक्री मात्र चालू. एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं रशियाच्या जीडीपीत त्या वर्षी 8.5 टक्के घट वर्तवली. वर्षाचा पहिला सरकारी आकडा आला 2.1 टक्के घटीचा.

पण एकूण आकड्यामागे उद्योगाउद्योगातला फरक लपतो: मोटारींचं उत्पादन दोन तृतीयांशानं घटलं; तोल्यातीत उन्हाळाभर चार दिवसांचा आठवडा.

(दृश्य: बंदर, कंटेनर.)

जुने गुणांक फार टिकत नाहीत. रशियानं आयात-निर्यातीचे तपशील 2022 मध्येच प्रसिद्ध करणं थांबवलं. तेव्हा चीन, तुर्कस्तान, कझाकस्तान रशियाला काय पाठवतात, त्यांचे निर्यातीचे आकडे घ्या आणि आयातीचं कोष्टक दर तिमाहीला नव्यानं भरा.