कांदा मास्तर, कोंबडी आणि गेममधला सगळ्यात भारी हिप-हॉप

काय मंडळी, कसे आहात! नाशिकमधे सध्या जिकडे बघावं तिकडे ढोलाची प्रॅक्टिस चालूय, खिडकी लावून बसलोय तरी मागे धडधड ऐकू येईल, जरा सांभाळून घ्या. तसा तो आवाज आजच्या विषयाला कामाचाच आहे म्हणा. पथकात नीट लक्ष दिलं तर कळेल, ताशावाला आधी एक तुकडा वाजवतो आणि मग सगळे ढोल तो उचलतात, म्हणजे सवाल-जवाबच. रिदम गेम म्हणजे गाण्याच्या तालावर बटणं दाबायचे व्हिडिओ गेम, त्यातला जो रॅप वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाही ना, तो पण माझ्या मते ह्याच सवाल-जवाबावर उभाय.

तर सुरुवात अर्थातच पॅरप्पा द रॅपर या गेमपासून. डिसेंबर 1996, जपान, पहिला प्लेस्टेशन. बनवणारा मासाया मात्सुउरा, हा मूळचा म्युझिकवाला माणूस, आधी बँडमधे होता, आणि चित्रं रॉडनी ग्रीनब्लाट नावाच्या अमेरिकन आर्टिस्टची. सगळी पात्रं कागद कापून उभी केल्यासारखी चपटी. हिरो कोण, तर टोपी घातलेला कुत्रा. त्याला सनी फनी नावाची फुलाच्या तोंडाची मुलगी आवडते, आणि तिच्यासमोर भाव खायचा म्हणून तो एकेक गोष्ट शिकत सुटतो. कराटे शिकवायला कांद्याच्या डोक्याचा मास्तर, गाडी शिकवायला मूस, म्हणजे मोठ्या हरणासारखा प्राणी, अशा मॅडम, केक शिकवायला टीव्हीवर कुकिंग शो करणारी कोंबडी, आणि तो केक पण सीफूडचा, बर्थडेला!

[इथे कांदा मास्तरची क्लिप]

बघा आता. मास्तर एक ओळ रॅप करतो, वरच्या पट्टीवर बटणांची चित्रं येतात, मग आपली पाळी. आता गंमत कुठेय, तर तुम्ही बटण दाबलं की पॅरप्पाच्या तोंडातून त्या ओळीतला शब्द बाहेर पडतो. दुसऱ्या कितीतरी म्युझिक गेममधे गाणं आपलं चालूच असतं आणि तुम्ही त्याच्या मागे मागे पळता. इथे तुम्ही दाबलं नाही तर पॅरप्पा गप्प. तेच बटण दोनदा झटकन दाबलं की तो 'किक-किक' करतो, तीनदा दाबलं की डीजेनी स्क्रॅच केल्यासारखं ऐकू येतं. आणि नुसतं मास्तरने म्हटलं तसंच म्हणत बसलात तर तुम्ही 'गुड' या रेटिंगवरच अडकणार, वर 'कूल'ला जायचं असेल तर बीट सांभाळून मधल्या मोकळ्या जागेत स्वतःचं काहीतरी टाकायचं. कूल झालात की मास्तर चक्क निघून जातो आणि मैदान तुमचं, फ्रीस्टाइल मारा, म्हणजे मनाला येईल तसं रॅप करा. 1996 सालच्या गेमला हिप-हॉप काय असतं ते कळलं होतं राव, नंतरच्या कित्येकांना नाही कळलं.

माझी सगळ्यात आवडती लेव्हल पाचवी. केक खाऊन पॅरप्पाला जोराची लागलीय, पेट्रोल पंपाच्या बाथरूमला रांग, आणि रांगेत पुढे कोण, तर आधीचे सगळे गुरू! प्रत्येकाला रॅपमधे हरवायचं तेव्हा नंबर पुढे सरकणार. बॅटल रॅप म्हणजे समोरासमोरची रॅपची लढाई, त्यासाठी याच्यापेक्षा खरं कारण मला तरी सुचत नाही.

फक्त टायमिंग खडूस आहे हां. 2017 ला पीएस फोरवर (प्लेस्टेशन 4) रिमास्टर, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, आला, तो आत्ताच्या मोठ्या टीव्हीवर लावला तर बटण आणि आवाज यात किंचित गॅप पडतो आणि तेवढ्यात सगळं बोंबलतं. टीव्हीचा गेम मोड चालू करा, ब्लूटूथ इअरफोन बाजूला ठेवा, वायरवाले लावा.

मधले पटकन सांगतो. 2009 चा डीजे हिरो, ह्याच्यासोबत अख्खं प्लास्टिकचं टर्नटेबल (डीजेची फिरती तबकडी) यायचं, तीन रंगांची बटणं, एका गाण्यावरून दुसऱ्यावर जायला क्रॉसफेडर नावाची सरकपट्टी, दोन गाणी एकमेकांत मिसळलेली आणि तुम्ही कधी ह्याच्यावर कधी त्याच्यावर उड्या मारताय. हिप-हॉपचा जुना नावाजलेला डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश स्वतः त्यात आहे, आणि रॅपरच्या आधी डीजे आला हे आठवण करून देणारा हाच एक मोठा गेम, कारण 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्कच्या, हिप-हॉपची सुरुवात मानल्या जाणाऱ्या पार्टीत पण आधी रेकॉर्डच फिरल्या होत्या. 2010 चा डेफ जॅम रॅपस्टार म्हणजे रॅपचं कॅराओके, माईक हातात घेऊन खरी गाणी म्हणायची. मित्र जमले की धमाल, पण शेवटी दुसऱ्याचंच पाठांतर ना ते, मला नाही फार चिकटला.

मग 2020 ला न्यूग्राउंड्स या फुकट गेमच्या वेबसाइटवर फ्रायडे नाइट फंकिन आला, आधी गेम जॅमसाठी (थोड्या वेळात गेम बनवायची स्पर्धा) बनवलेला छोटासा प्रकार होता, पुढच्या वर्षी किकस्टार्टर या लोकांकडून पैसे जमवायच्या साइटवर त्याला 20 लाख डॉलरच्या वर पैसे मिळाले! यात शब्दच नाहीत, नुसतं 'बीप बाप बो'. पण समोरचा म्हणणार, मग तुम्ही म्हणणार, म्हणजे कांदा मास्तरचीच पद्धत. गेममधल्या लेव्हलना आठवडे म्हणतात, आणि पहिल्याच आठवड्यात समोर कोण, तर हिरोच्या गर्लफ्रेंडचे पप्पा. होणाऱ्या सासऱ्याशी रॅप बॅटल, अजून काय पाहिजे!

ब्राउझरमधे फुकट चालतो. पहिलं गाणं बोपीबो इझीवर लावा, आणि स्क्रीनवर येणाऱ्या बाणांकडे टक लावून बसू नका, सासरेबुवा काय म्हणाले ते कानानी पकडा, बोटं आपोआप जातात.