टॅक्सीवाल्याच्या नजरेला पडलेली पाणबुडी

नमस्कार श्रोतेहो. आज पाणबुडीबद्दल बोलू. अणुशक्तीवर चालणारी अवाढव्य नव्हे; लहानशी, डिझेल-इलेक्ट्रिक, किनाऱ्यालगत उथळ पाण्यात वावरणारी.

तुमच्या घरी इन्व्हर्टर आहे ना? मग निम्मं तुम्हाला आधीच कळलंय. वीज असताना बॅटरी भरते, वीज गेली की पंखा तिच्यावर फिरतो. पाणबुडीत हे भरण्याचं काम डिझेल इंजिन करतं. इंजिनाला हवा लागते, म्हणून वर यायचं, नाहीतर हवेची नळी तरी पाण्याबाहेर काढायची. बॅटरी भरली की इंजिन बंद, आणि खाली. वर डिझेल, खाली बॅटरी, एवढं ध्यानात ठेवा. खाली आवाज जवळपास नाहीच. (आमच्या घरच्या इन्व्हर्टरची मात्र रात्रभर घरघर चालते, आणि त्यात पाणी घालायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. असो.)

आता या गोष्टीतली पाणबुडी. उत्तर कोरियाची, सांग-ओ जातीची, लांबी साधारण ३५ मीटर. एसटीच्या तीन गाड्या एकामागे एक उभ्या करा, झाली. त्यात माणसं किती? २६!

सप्टेंबर १९९६. ही पाणबुडी दक्षिण कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर, गांगनुंग शहराजवळ आली. तीन हेर आधीच किनाऱ्यावर उतरवले होते, त्यांना परत न्यायचं होतं. पहिल्या खेपेला जमलं नाही. १७ तारखेच्या रात्री पुन्हा जवळ आली, जरा जास्तच जवळ, आणि खडकांत रुतली. काही केल्या निघेना. मग सगळे उतरून किनाऱ्यावर आले.

रात्री एकच्या सुमाराला किनाऱ्याच्या रस्त्यानं एक टॅक्सी चालली होती. कडेला काही माणसं दिसली. इतक्या रात्री? इथे? टॅक्सीवाला पुढे गेला, प्रवासी सोडला, परत त्याच रस्त्यानं आला. माणसं गायब. आणि समुद्रात, अगदी काठाशी, काहीतरी काळं, लांबोळकं. त्यानं सरळ पोलिसांना कळवलं.

पाणबुडी हेरली ती रडारनं नाही, पाण्याखाली कान लावणाऱ्या सोनार यंत्रानं नाही, टॅक्सीवाल्यानं! माझं जुनं मत आहे, चौकाचौकात कॅमेरे लावण्याआधी रिक्षास्टँडवर चार माणसांशी बोलून घ्यावं. त्यांना सगळं ठाऊक असतं. २६ नोव्हेंबर २००८ ला कफ परेडच्या मच्छीमार वस्तीतल्या लोकांनीच त्या बोटीतून उतरणाऱ्यांना हटकलं होतं, विसरू नका.

तर गांगनुंग. दुसऱ्या दिवशी डोंगरावर अकरा जण गोळ्या लागून मेलेले सापडले, आपल्याच लोकांच्या गोळ्या. एक जिवंत हाती लागला, तो पाणबुडीचं सुकाणू सांभाळणारा. उरलेल्यांचा पाठलाग ४९ दिवस चालला. तेरा मारले गेले, एक कधीच सापडला नाही. दक्षिणेचेही सैनिक आणि साधी माणसं त्यात गेली. आणि तो सुकाणूवाला? पुढे दक्षिण कोरियाच्याच नौदलात शिकवायला लागला.

घड्याळाकडे पाहिलं तर सोनारचं सांगायचं राहूनच गेलंय. थोडक्यात सांगतो. सोनार म्हणजे पाण्यात आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. उथळ पाण्यात तळ, खडक, लाटा, सगळ्यांवरून प्रतिध्वनी येतो, त्यात होड्यांच्या इंजिनांची भर. भर बाजारात कुणाची कुजबुज ऐकू येते का? तसंच ते. म्हणून लहान पाणबुडी उथळ पाण्यात सहजी सापडत नाही. पुन्हा सांगतो, सोनारला सहजी सापडत नाही.

जाळ्याला सापडते! जून १९९८ मध्ये, त्याच किनाऱ्यावर, सोकचो बंदराच्या बाहेर, याहूनही लहान अशी उत्तर कोरियाची पाणबुडी मासेमारीच्या जाळ्यात अडकली. वरची माणसं जाळं सोडवायला धडपडताना मच्छीमारांना दिसली. नौदलानं तिला ओढून आणलं, वाटेत ती बुडाली, वर काढली तेव्हा आत नऊ मृतदेह होते.

ही हकिगत मी एकदा वेसाव्याला मासळी घेताना ओट्यावरच्या मावशींना सांगितली. त्यांनी कोयता थांबवून सगळी ऐकली आणि विचारलं, "मग जाळ्याचं काय झालं?"